मक्याच्या दाण्याचे दार



'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या भागात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी ती या गावाच्या भरभराटीला उद्देशून म्हटली जाई. आज जालन्याची ओळख आहे ती बियाण्यांचे गाव म्हणून. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, सुरू केली. या कामाबद्दल १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. तेव्हा जालन्याच्या पाळण्यात सोने नसले तरी बी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण बी म्हणजे तरी काय? वनस्पतीचे इवलेसे बाळ आणि त्याच्याबरोबर बांधून दिलेली शिदोरी. मग सांगा पाहू, आईच्या अंगावर, कणसाच्या पाळण्यात वाढणारे हे बाळ जेवते कसे? हा प्रश्न मला पडला, त्यामागे एक लहानशी गोष्ट आहे.

मामांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी भोकरदन तालुक्यात माझ्या मामांनी खरिपात मका लावला होता. सप्टेंबर सरत आला होता. कणसे चांगली मोठी झाली होती, त्यांच्यावरची पाने पिवळी पडू लागली होती. आणि नेमके आभाळ भरून आले. तयार पिकावर परतीचा पाऊस पडला, की कणसांना बुरशी लागते, कधी दाण्यांना जागेवरच कोंब फुटतात. मामांनी घाई केली आणि निम्मे शेत कापून कणसे घरात आणली. उरलेल्या निम्म्यासाठी मजूर मिळाले नाहीत, म्हणून ते तसेच राहिले. पाऊस मात्र आलाच नाही!

पंधरवड्याने उरलेली कणसे काढली. दोन्ही ढीग वाळवले, दाणे सुटे केले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. पण पोती काट्यावर चढवली, तेव्हा घाईने कापलेल्या मक्याचे पोते हलके भरले.

मामा मला म्हणाले, "तू कॉलेजात सायन्स शिकवतोस ना? मग सांग बरं, दाणा पुरता भरला हे वावरात उभं राहून कसं ओळखायचं?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. लोलक, भिंगे आणि विद्युत्‌मंडले यांच्यात माझे आयुष्य गेले. मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी चार दाणे खिशात घालून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पात्याने दाण्याचे टोक खरवडले, हातात भिंग दिले आणि म्हणाले, "सर, इथे एक दार असतं. ते उघडं आहे की बंद, एवढंच पाहायचं." त्या दाराविषयी मी मग जे जे वाचले, ते तुम्हांला सांगणार आहे. आणि गंमत अशी, की हे दार चालते ते पुष्कळसे पदार्थविज्ञानाच्याच नियमांवर.

एका दाण्यात तिघे

मक्याचा एक दाणा रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी हातात घ्या. त्याचे एक टोक रुंद आहे, दुसरे निमुळते. निमुळत्या टोकाने तो कणसात रुतून बसलेला होता. दाण्याच्या एका सपाट अंगावर ढालीसारखा फिकट भाग दिसेल. तो भ्रूण, म्हणजे उद्याचे मक्याचे रोप. बाकीचा पिवळा किंवा पांढरा भाग हा भ्रूणपोष. दाण्याच्या वजनात ८० टक्क्यांहून अधिक वाटा याचाच असतो. आपण खातो ते मक्याचे पीठ बहुतांशी हेच. आणि या सर्वांवर पातळ, चिवट साल आहे.

या तिघांचे नाते मोठे मजेदार आहे. साल ही आईच्याच शरीराचा भाग आहे. भ्रूण हे तिचे अपत्य. मग भ्रूणपोष कोण? त्याचे उत्तर १८९८ साली नवाशिन या शास्त्रज्ञाने कीव्ह येथे लिलीवर्गातील फुलांचा अभ्यास करून दिले. कणसाच्या टोकातून जे रेशमी केस लोंबताना दिसतात, त्यांतला प्रत्येक केस आत एकेका बीजांडाला जोडलेला असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण या केसावर पडला, की त्याची नळी केसातून खाली उतरते आणि दोन पुंयुग्मके बीजांडापर्यंत पोचवते. एकाचा संयोग अंडपेशीशी होतो आणि भ्रूण बनतो. दुसऱ्याचा संयोग आईकडच्या दोन केंद्रकांशी होतो आणि भ्रूणपोष बनतो. म्हणजे भ्रूणपोष हे भ्रूणाचे जुळे भावंडच! फक्त त्याच्यात आईचे दोन वाटे आणि वडिलांचा एक. हे भावंड स्वतः कधी रोप होत नाही. ते अन्न साठवते आणि पेरणीनंतर ते सारे भ्रूणाला देऊन संपून जाते.

म्हणून 'बाळ जेवते कसे' या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की आईने पानांत तयार केलेली साखर भ्रूणपोषात शिरते कशी?

नाळ नाही, तरी जेवण

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? पानापासून कणसापर्यंत नळ्या असतील, त्याच पुढे दाण्यात जात असतील. पहिला भाग अगदी बरोबर आहे. पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून वाहते. ती कशी वाहते, याची उपपत्ती म्यूंख या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० साली मांडली. पानाच्या बाजूला रसवाहिनीत साखर दाट होते, ती पाणी ओढून घेते आणि तेथील दाब वाढतो. जेथे साखर काढून घेतली जाते, तेथे दाब कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहत राहतो. टाकीतले पाणी नळाला येते, त्याच जातीचे हे काम.

पण या रसवाहिन्या दाण्याच्या देठाशी येऊन थांबतात! दाण्याच्या आत एकही रसवाहिनी जात नाही. इतकेच नव्हे, वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे जे अतिसूक्ष्म मार्ग असतात, तेही आई आणि भ्रूणपोष यांच्यामध्ये नसतात. आईच्या पेशी एका बाजूला, अपत्याच्या पेशी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये खंड. नवल वाटले ना?

तसे नवल वाटण्याचे कारण नाही. गोठ्यात गाय व्याली, की घरातील जाणती माणसे 'जार पडला का?' म्हणून चौकशी करतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. हा जार किंवा वार म्हणजे वासराने गर्भाशयात ज्याच्यामार्फत अन्न घेतले तो अवयव. तेथेही गाईचे रक्त वासराच्या शरीरात जात नाही. दोघांची रक्ते पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहतात आणि अन्न तेवढे पडदा ओलांडते. मक्याच्या दाण्याच्या बुडाशी हेच घडते. देठातील रसवाहिन्या साखर आणून मधल्या मोकळ्या जागेत ओततात आणि पलीकडून भ्रूणपोषाच्या तळच्या पेशी ती उचलून घेतात.

अशा पेशींना इंग्रजीत 'ट्रान्स्फर सेल' म्हणतात. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती माल देणाऱ्या, म्हणून आपण त्यांना हस्तांतर पेशी म्हणू.

काम केवढे, जागा केवढी

आता थोडे गणित करू. मक्याचा एक चांगला भरलेला दाणा वाळल्यावर सुमारे पाव ग्रॅम भरतो. यातील बहुतेक वजन परागणानंतर साधारण बारा दिवसांनी चढू लागते आणि पुढचा महिनाभर वेगाने चढते. हिशेबाला सोपे जावे म्हणून २५० मिलिग्रॅम वजन ३० दिवसांत चढले असे धरू. म्हणजे दिवसाला सुमारे ८ मिलिग्रॅम.

हे वजन साखरेच्या रूपाने आले असे समजा. आपल्या चहातली साखर ती हीच, सुक्रोज. ३४२ ग्रॅम सुक्रोजमध्ये ६.०२ × १०<sup>२३</sup> रेणू असतात, हे तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. त्यावरून ८ मिलिग्रॅममध्ये सुमारे १.४ × १०<sup>१९</sup> रेणू झाले. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार करा. दर सेकंदाला सुमारे १.६ × १०<sup>१४</sup>, म्हणजे एकशे साठ लाख कोटी रेणू एका दाण्याच्या दारातून आत जातात! रात्र असो, दिवस असो. कणसावर असे शेकडो दाणे एकाच वेळी भरत असतात.

आणि दार केवढे? दाण्याचे निमुळते टोक पट्टीने मोजा. काही मिलिमीटरच भरेल. बाकी सगळीकडून दाणा सालीने बंद आहे.

अडचण एवढ्यावरच संपत नाही. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ स्निग्ध पटल असते. तेलात साखर विरघळत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्यामुळे साखरेचा रेणू या पटलातून आपोआप आत जाऊ शकत नाही. त्यासाठी पटलात जागोजागी प्रथिनांच्या खिडक्या बसवलेल्या असतात. प्रत्येक खिडकीतून एका वेळी एखादाच रेणू जातो. जालन्याच्या बसस्थानकावर दिवाळीची गर्दी असावी आणि आरक्षणाची खिडकी एकच असावी, तशी स्थिती. गर्दी लवकर हटवायची, तर खिडक्या वाढवायला हव्यात. खिडक्या वाढवायच्या, तर भिंत मोठी हवी. पण जागा तर तेवढीच आहे!

खोक्याचा प्रयोग

ही कोंडी कशी सुटते, ते पाहण्यासाठी एक खोके घ्या. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर, वरून उघडे. तोंडावर एक कागद ताणून बसवला, तर त्याचे क्षेत्रफळ १० × १० = १०० चौरस सेंटिमीटर. आता प्रत्येकी १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पुठ्ठ्याचे १० तुकडे घ्या आणि ते उभे, एकमेकांशी समांतर, थोडे थोडे अंतर ठेवून खोक्याच्या तोंडातून आत सोडा. प्रत्येक तुकड्याला दोन बाजू. एका बाजूचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, दोन बाजूंचे २००. दहा तुकड्यांचे २,०००. खोक्याचे तोंड होते तेवढेच राहिले, पण आतल्या पृष्ठभागात त्याच्या वीसपट भर पडली!

हस्तांतर पेशी नेमकी हीच युक्ती करते. परागणानंतर पाचसहा दिवसांतच भ्रूणपोषाच्या तळच्या दोन-तीन थरांतील पेशी वेगळ्या दिसू लागतात. त्यांची भित्तिका आतल्या बाजूला वाढू लागते. तिच्यातून बारीक कंगोरे, उंचवटे आणि पट्ट्या निघतात आणि पेशीच्या पोटात घुसतात. पेशीपटल या प्रत्येक कंगोऱ्याला अंगरख्यासारखे चिकटून राहते. अगदी तळच्या पेशींत पटलाचे क्षेत्रफळ अशा रीतीने साध्या पेशीच्या सुमारे वीसपट होते. पेशीचा आकार तोच, खिडक्यांना जागा मात्र वीसपट.

मोटारसायकलच्या इंजिनावर पातळ पट्ट्यांची रांग का असते? उष्णता हवेत लवकर जावी म्हणून. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव का असते? अन्न रक्तात लवकर जावे म्हणून. देवाणघेवाण पृष्ठभागातून व्हायची असेल, तर पृष्ठभागाला घड्या घाला. यंत्रशाळेत आणि शेतात नियम एकच.

अशा पेशींना हे नाव देऊन त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले ते ब्रायन गनिंग आणि जॉन पेट या शास्त्रज्ञांनी, १९६८-६९ च्या सुमारास, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात. साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कंगोरे स्पष्ट दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पानांच्या बारीक शिरा तपासल्या, तेव्हा ते नजरेत भरले. मग पाहावे तेथे अशा पेशी सापडू लागल्या. फुलांच्या मधुग्रंथींत, वाटाण्याच्या मुळांवरील गाठींत, दुसऱ्या झाडात मुळ्या रोवून त्याचे अन्न पळवणाऱ्या अमरवेलीत. जेथे थोड्या जागेतून पुष्कळ माल हलवायचा, तेथे ही पेशी हजर.

दारावर काय चालते?

नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून भागत नाही. माल सतत आत यायचा, तर 'उतार' टिकला पाहिजे. दाराबाहेर साखर साचून राहिली, तर रसवाहिनीतून येणारा प्रवाह मंदावेल. म्हणून हस्तांतर पेशी आपल्या भित्तिकेत इन्व्हर्टेज नावाचे एक विकर ठेवतात. हे विकर सुक्रोजच्या रेणूचे दोन तुकडे करते. एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. सुक्रोज दाराशी येते न येते तोच मोडले जाते, त्यामुळे बाहेर सुक्रोज नेहमी विरळच राहते आणि मागून नवे येत राहते.

हे तुकडे आत घेणारी एक महत्त्वाची खिडकी २०१५ साली ओळखता आली. तिचे नाव 'स्वीट-४सी'. शास्त्रज्ञांनी मुद्दामच गोड नाव शोधलेले दिसते! ही खिडकी नसलेल्या मक्याचे दाणे जवळजवळ नुसत्या रिकाम्या सालीसारखे राहतात. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. मका हे मूळचे मेक्सिकोतील पीक. तेथील शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो निवडत निवडत घडवला. टिओसिंटेचा दाणा बारीक आणि कठीण. टपोऱ्या दाण्याचे बी पुढच्या वर्षासाठी राखताना त्या शेतकऱ्यांनी, नकळत, या खिडकीच्या जनुकाचीही निवड केली होती, अशा खुणा त्यात दिसतात. पेशी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी पेशीचे दार रुंद केले!

साखरेखेरीज प्रथिनांसाठी लागणारी ॲमिनो आम्ले आणि खनिजेही याच दाराने येतात. काही पदार्थ उताराविरुद्ध आत खेचावे लागतात. त्याला ऊर्जा हवी, म्हणून या पेशींत तंतुकणिका दाटीने भरलेल्या असतात. आणि जेथे साखर, तेथे मुंग्या येणारच. मक्याच्या बाबतीत या मुंग्या म्हणजे बुरशी. हस्तांतर पेशी काही प्रथिने बाहेर सोडतात, त्यांतील एक तरी बुरशीला रोखणारे आहे, असे २००१ साली दाखवून देण्यात आले. तेव्हा हा नुसता दरवाजा नाही, त्यावर पहारेकरीही बसलेला आहे.

दार बिघडले तर

यंत्राचा एखादा भाग कशासाठी आहे हे समजून घ्यायचे, तर तो काढून पाहावा. वनस्पतिशास्त्रज्ञांना निसर्गानेच असा बिघडलेला मका दिला. १९४६ साली मक्याच्या एका विकृत जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिचे दाणे इतके लहान, की तिला 'मिनिएचर' हे नाव पडले. तिचा दाणा नेहमीच्या दाण्यापेक्षा ७० ते ८० टक्क्यांनी हलका. पानांत साखर भरपूर, रसवाहिन्या ठीक, मग अडले कोठे? जवळजवळ अर्धशतकानंतर, १९९२ साली प्रेम चौरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याचा उलगडा केला. त्या दाण्यांत दारावरचे इन्व्हर्टेज नव्हते. एवढेच नव्हे, बाळ साखर उचलत नाही म्हटल्यावर देठातील आईच्या पेशीही लवकर मरू लागल्या आणि देठ व दाणा यांच्यात फट पडली. घेणाराच घेईनासा झाला, की देणाऱ्याचा हातही गळून पडतो.

दार बांधण्याचे हुकूम देणारी जनुकेही आता सापडली आहेत. २००४ साली वर्णन झालेले 'मेग-१' हे जनुक विशेष गमतीचे आहे. दार घडत असताना या पेशींत त्याची आईकडून आलेली प्रतच काम करते, वडिलांकडून आलेली गप्प असते. भ्रूणपोषात आईचे दोन आणि वडिलांचा एक वाटा असतो, हे मघाशी पाहिले. वडिलांचा वाटा वाढवून हे प्रमाण बिघडवले, तर हस्तांतर पेशींचा थर नीट बनत नाही आणि दाणा सुरकुततो.

तहान की भूक?

आमच्या मराठवाड्यात पावसाचा खंड ही नित्याची चिंता. कणसाला केस येण्याच्या वेळी, साधारण ऑगस्टमध्ये, पंधरा-वीस दिवस पाऊस दडी मारतो. मग कणसे सोलल्यावर अर्धी रिकामी निघतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने हे फार सोसले. अशा कणसाकडे पाहून आपण म्हणतो, पीक तहानेने गेले.

१९९१ साली अमेरिकेत बॉयल, बॉयर आणि मॉर्गन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. परागणाच्या सुमारास त्यांनी मक्याचे पाणी तोडले. काही झाडांच्या खोडात मात्र साखर आणि इतर पोषकद्रव्ये असलेला द्रव सोडला, जसे रुग्णाला सलाईन लावतात तसे. त्यातले पाणी झाडाची तहान भागवण्याइतके नव्हतेच. तरीही या झाडांवर दाणे धरले, बाकीच्यांवर जवळजवळ नाही! म्हणजे त्या कोवळ्या दाण्यांना मारणारी गोष्ट केवळ तहान नव्हती, तर भूकही होती. पाणी तुटले की पानांतील साखर कमी पडते. अशा वेळी कोवळ्या दाण्यांतील साखर मोडणाऱ्या विकरांचे कामही मंदावते, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. दार घडण्याच्या दिवसांतच उपासमार झाली, तर मागाहून कितीही पाऊस पडो, गेलेले दाणे परत येत नाहीत. म्हणूनच विहिरीत थोडेच पाणी असेल, तर ते तुरा आणि केस येण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावे, असे जाणकार सांगतात.

दार बंद होते

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. दाणा भरत असतो, तोवर दार उघडे असते. भरण्याचे काम संपले, की देठाला लागून असलेला पेशींचा पातळ थर चेपला जातो आणि हळूहळू तपकिरी होऊन काळा पडतो. याला 'काळा थर' असेच म्हणतात. तो दिसला, की देवाणघेवाण संपली. त्यानंतर पीक शेतात उभे ठेवले किंवा पाणी दिले, तरी दाण्याच्या कोरड्या वजनात भर पडत नाही. त्यापूर्वी कापले, तर जेवढे दिवस आधी, तेवढी साखर पानांतच राहिली म्हणून समजा. मामांचे पोते हलके का भरले, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मात्र एक सावधगिरी हवी. अळीने पाने खाल्ली किंवा पाणी तुटून पाने करपली, तर काळा थर वेळेआधीच येतो. दार बंद झाले याचा अर्थ घर भरलेच, असा नाही. आता आत काही येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्या वेळी दाण्यात ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. कापणी करता येते, पण साठवण्यापूर्वी कडक उन्हात वाळवायलाच हवे.

करून पाहा

तुमच्या गावात मका असेल, तर शेतमालकांची परवानगी घेऊन पुढील गोष्टी करा. गुरुजनांनी वर्गाचे गट पाडून हा प्रयोग घेतल्यास फारच उत्तम.

पहिली गोष्ट. केस येऊन महिना झाल्यानंतर दर आठवड्याला एक कणीस काढा आणि मधोमध मोडा. शेंड्याकडचा तुकडा हातात धरून मोडलेल्या बाजूचे दाणे पाहा. दाण्याच्या रुंद टोकाकडे पिठूळ, घट्ट भाग आणि निमुळत्या टोकाकडे दुधाळ भाग, यांच्यामध्ये एक रेघ दिसेल. ही रेघ दर आठवड्याला खाली सरकेल. ती तळाशी पोचली, की समजा दार मिटत आले.

दुसरी गोष्ट. कणसाच्या मधल्या भागातील चारपाच दाणे काढा. शेंड्याकडचे घेऊ नका, त्यांचे दार आधी मिटते. मोठ्या माणसांच्या मदतीने, पात्याने प्रत्येक दाण्याचे निमुळते टोक हलकेच खरवडा आणि भिंगातून पाहा. रंग फिका, तपकिरी की काळा, याची नोंद करा.

तिसरी गोष्ट. दर आठवड्याला शंभर दाणे पूर्ण वाळवून तोला आणि वजनाचा आलेख काढा. तो आधी चढेल आणि मग सपाट होईल. तो सपाट होण्याचा आठवडा आणि काळा थर दिसण्याचा आठवडा जुळतो का, ते तपासा. जुळला नाही, तर का जुळला नसावा, याचा विचार करा. विज्ञानात असे न जुळणारे आलेखही तितकेच मोलाचे असतात.

दुसऱ्या वर्षी मामांच्या वावरात पुन्हा आभाळ भरून आले, तेव्हा त्यांनी खिशातून चाकू काढला, चार कणसांचे दाणे खरवडले आणि भिंगाऐवजी चष्मा पुसून पाहिले. टोके फिकी होती. "अजून दार उघडं हाय," असे म्हणून ते घरी परतले. त्या वर्षी पाऊस खरोखरच पडला आणि थोड्या कणसांना बुरशीही लागली. दाराला आभाळातले काही कळत नाही, ते फक्त आतल्या दाण्याचे सांगते. पण या वेळी निर्णय घेताना मामांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. थांबले तर किती वजन मिळेल आणि पाऊस आला तर काय जाईल, हे तोलून ते थांबले होते. बरीचशी कणसे वाचली आणि त्यांचे दाणे भरदार निघाले.

पुढच्या वेळी भाजलेले कणीस खाताना एक दाणा बोटाने अलगद सोडवून त्याचे टोक जरूर पाहा. तुम्ही जे खाता आहात, ते सगळे त्या एवढ्याशा टोकातून आत आले आहे.